बदली आली, बिऱ्हाड निघालं: कुत्र्या-मांजरांना नव्या घरी नेताना

बदलीचा आदेश हातात पडतो तो बहुतेक मे महिन्यात. लेकरांच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, म्हणून घर हलतं ते मेच्या शेवटच्या पंधरवड्यात. नांदेड, परभणी, जालन्यात पारा ४२-४३ अंशांवर असतो तो याच दिवसांत. माणसं पहाटे निघतात, वाटेत रसवंतीवर थांबतात, निभावून नेतात. कुत्र्याला मात्र आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तोंड उघडून धापा टाकणं हाच त्याचा गार व्हायचा मुख्य मार्ग, आणि भोवतालची हवाच तापलेली असली की तोही पुरत नाही.

चौदा वर्षांत आम्ही पाच घरं बदलली. पहिल्या खेपेला उदगीरहून परभणीला निघालो तेव्हा आमच्या खंड्या कुत्र्याला सामानाच्या टेम्पोत गाद्यांवर बांधला आणि आम्ही एसटीनं पुढं गेलो. टेम्पो दुपारी तीनला पोचला. खंड्याची जीभ जांभळी पडली होती, पाय उभे राहत नव्हते. परभणीत पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे म्हणून त्याला लगेच सलाईन लागली आणि तो वाचला. चूक सर्वस्वी आमची होती. आम्ही त्याला सामानात धरलं होतं.

तेव्हापासून घरात एक नियम आहे: जनावराची जागा जुन्या घरात सगळ्यात शेवटी मोडायची आणि नव्या घरात सगळ्यात आधी लावायची. खाली जे लिहिलं आहे ते सगळं या एका नियमाभोवती आहे. पहिल्यांदाच कुत्रं-मांजर घेऊन घर बदलणाऱ्यांनी महिनाभर आधीपासून तयारीला लागावं.

घर बघतानाच

घरमालकाला पहिल्याच भेटीत सांगा. नंतर कळलं की कटकट होते आणि भोगावं लागतं जनावराला. शक्य असेल तर कुत्र्याला सोबत घेऊन जा. शांत बसलेलं कुत्रं बघून बरेच मालक तयार होतात, हा माझा अनुभव आहे. अकरा महिन्यांच्या करारात "एक पाळीव कुत्रा व एक मांजर" अशी ओळ घालून घ्या. स्वतःचं घर कोणाला द्यायचं हे मालकाच्या हातात असतं. पण मालकाची हरकत नाही आणि अपार्टमेंटची सोसायटीच "इथं कुत्री चालत नाहीत" म्हणत असेल, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. आपल्या बाजूनं जिना-पार्किंग स्वच्छ ठेवायचं आणि कुत्रं साखळीला धरूनच न्यायचं, हे पाळलं की वाद फार वाढत नाही.

घर बघताना माणसं हॉल किती मोठा ते बघतात. तुम्ही हौद बघा. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, आठ-आठ दिवसांनी येतं, म्हणून अंगणात किंवा पार्किंगखाली हौद असतोच, आणि त्याचं झाकण अनेकदा तुटलेलं किंवा नुसता पत्रा टाकलेला. नव्या जागेत अंधारात धावणारं मांजर किंवा पिल्लू थेट आत जातं आणि गुळगुळीत भिंतीवरून त्याला वर येता येत नाही. राहायला जायच्या आधी झाकण बसवून घ्या.

दुसरी गोष्ट छत. पत्र्याच्या खोलीत मेमधली दुपार जनावराला सोसत नाही. स्लॅबखालची, पूर्वेकडची किंवा उत्तरेकडची एक खोली मनात धरून ठेवा, ती त्यांची पहिली खोली होणार आहे.

तिसरी गोष्ट कोपरे. रिकाम्या घरात मालकानं उंदराचं औषध टाकलेलं असतं. ओट्याखाली, माळ्यावर, मोरीच्या कडेला हात फिरवून गोळ्या, पुड्या, मुंग्यांचा खडू सगळं काढा. फरशी पुसायला फिनाईल वापरू नका. मांजर पाय चाटतं आणि फिनाईल त्याला विषासारखं बाधतं. साबणाचं पाणी आणि नंतर दोनदा साधं पाणी पुरेसं आहे. वरच्या मजल्यावर राहणार असाल तर खिडक्यांना आणि गॅलरीला जाळी मारून घ्या.

सुई आणि कागद

रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांचं झाल्यावर आणि पुढं दरवर्षी द्यावी लागते. तारीख जवळ आली असेल तर निघायच्या दोन-तीन आठवडे आधीच देऊन टाका. लसीनंतर एखाद-दोन दिवस जनावर मलूल असतं आणि त्याच दिवशी प्रवास नको. लसीकरणाचं कार्ड मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा आणि मूळ कार्ड पर्समध्ये ठेवा, सामानाच्या खोक्यात नाही. जंताचं औषध आणि गोचिडांचा बंदोबस्तही याच वेळी करून घ्या. एक काळजी घ्या: कुत्र्याच्या अंगाला लावायची गोचिडांची काही औषधं मांजराला जीवघेणी ठरतात. डॉक्टरांना घरात मांजरही आहे हे सांगूनच औषध मागा.

महापालिका हद्दीत जात असाल तर कुत्र्याची नोंद करावी लागते. ती चौकशी पहिल्या महिन्यात करा.

नव्या गावात डॉक्टर कोण, हे निघायच्या आधी ठरलेलं हवं. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात मुख्य काम गाई-म्हशी-शेळ्यांचं असतं. तिथले डॉक्टर कुत्र्या-मांजरांनाही बघतात, पण रात्री-अपरात्री कोण भेटेल ते आधी विचारून ठेवा. परभणी आणि उदगीर या दोन्ही ठिकाणी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. अवघड दुखणं असेल तर आसपासच्या जिल्ह्यांतून लोक तिथंच येतात. १९६२ हा पशुसंवर्धनाचा टोल फ्री नंबर मोबाईलमध्ये टाकून ठेवा.

गळ्यातल्या पट्ट्यावर मोबाईल नंबर हवाच. कापडी पट्टीवर न पुसणाऱ्या शाईनं लिहून टाचून घेतला तरी चालतं. जुना नंबर बंद होणार असेल तर नवाच लिहा. दोन्ही बाजूंनी काढलेला, अंगावरचे ठिपके दिसतील असा एक फोटो जवळ ठेवा.

पंधरा दिवस आधी: कॅरेटची सवय

मांजर हातात किंवा ओढणीत गुंडाळून नेता येईल असं वाटतं. पहिल्या हॉर्नला ते बोचकारून सुटतं. त्याला पेटीच लागते. विकतची महाग वाटली तर बाजारात टोमॅटोसाठी वापरतात ती दोन प्लास्टिकची कॅरेट घ्या, एकावर दुसरं पालथं घाला आणि चारही बाजूंनी प्लास्टिकच्या टायनं घट्ट आवळा. एका बाजूच्या टाय शेवटी लावायच्या, ते दार. हवा चारही अंगांनी खेळते, धुता येतं, आणि मांजर मोठं असलं तरी आत वळू शकतं. माझी मनी तीन घरं या कॅरेटमधूनच बदलून आली.

कॅरेट आणलं की लगेच त्यात कोंबू नका. उघडं ठेवून द्या, आत जुनं लुगडं अंथरा, दोन वेळचं दूध-भाकरी तिथंच ठेवा. आठवड्यात मांजर आपणहून आत झोपायला लागतं. मग दोन-चार मिनिटं बंद करून बघा, मग गाडीत ठेवून गल्लीला एक चक्कर. कुत्र्यालाही गाडीची सवय अशीच लावा. गाडी म्हणजे दवाखाना आणि सुई, एवढंच त्याला ठाऊक असेल तर ते पाय रोवून बसणारच.

अंथरूण धुवू नका. नव्या घरी घाण नको म्हणून आपण सगळं धुवून, वाळवून, घडी घालून नेतो. पण जनावर घर ओळखतं ते वासानं. मळकं अंथरूण हेच त्याच्यासाठी घर असतं. मांजराच्या गालांवरून एक मऊ फडकं रोज फिरवा आणि पिशवीत बांधून ठेवा. नव्या घरात तेच फडकं दाराच्या चौकटीला, कपाटाच्या कोपऱ्यांना मांजराच्या उंचीवर घासायचं आहे. आधी जागा बघायला, साफसफाईला कोणी जाणार असेल तर हे फडकं त्यांच्याबरोबरच धाडा.

या बाबतीत बीडकडच्या ऊसतोड कामगारांचं बिऱ्हाड मी नेहमी बघत आले आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास गाड्या निघतात. बैल पुढं, गाडीत भांडीकुंडी, वर कोंबड्यांचं डालगं, मागं शेळी, आणि गाडीच्या सावलीत चालणारं कुत्रं. मुक्कामी पोचल्यावर कोप, म्हणजे राहायची झोपडी, उभी राहायच्या आधी बैलांची दावण लागते. कुत्रं त्याच ओळखीच्या चाकाला बांधलेलं असतं, म्हणून परमुलखातही ते पहिल्या रात्रीपासून राखण करतं. सहा महिन्यांनी परतताना पुन्हा तसंच. पोटासाठी वर्षानुवर्षं घर हलवणाऱ्या या माणसांकडून मी जेवढं शिकले तेवढं दुसऱ्या कोणाकडून नाही.

सामान भरायचा दिवस

जनावर हरवतं ते बहुतेक याच दिवशी. दार दिवसभर उघडं, अनोळखी हमाल, ओढाओढीचे आवाज. सकाळी सगळ्यात आधी एक खोली पूर्ण रिकामी करा, नाहीतर न्हाणीघर घ्या. आत कॅरेट, पाणी, मातीची कुंडी किंवा वाळूचं घमेलं ठेवा, मांजराला आत सोडा, कडी लावा आणि दारावर मोठ्या अक्षरात "आत मांजर आहे, उघडू नये" असं लिहा. हमालांना तोंडानंही सांगा. कुत्र्याला शेजारच्या काकूंकडं दिवसभर ठेवता आलं तर फार बरं.

माजलगावचं घर सोडताना मी कडी लावायला विसरले. मनी सापडेना. टेम्पो भरून तयार, आणि आम्ही गल्लीभर हाका मारतोय. शेवटी टेम्पोत चढवलेल्या दिवाणातून बारीक आवाज आला. दिवाणाच्या खालच्या कप्प्यात शिरली होती आणि तशीच उचलली गेली होती. म्हणून टेम्पोचं दार लावायच्या आधी दिवाण, कपाटाचे खण, वॉशिंग मशीनचा ड्रम, गुंडाळलेल्या गाद्या एकेक करून बघा.

घाबरलेलं जनावर मालकालाही चावतं. चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात दाखवा, आपलं कुत्रं लस घेतलेलं असलं तरी.

वाटेत

छोटा हत्ती सामानासाठी आहे. जनावर माणसांसोबतच जाईल. स्वतःची गाडी नसेल तर भाड्यानं घ्या आणि ठरवतानाच ड्रायव्हरला सांगा की कुत्रं असणार आहे. ऐन वेळी तो नाही म्हणाला तर अडचण होते.

निघायची वेळ पहाटे चार. लातूरहून संभाजीनगर असो की हिंगोलीहून बीड, ऊन चढायच्या आत बहुतेक रस्ता उरकतो. सामान रात्रीच पुढं गेलेलं असेल तर उत्तमच. निघायच्या सहा तास आधी पोटभर जेवण बंद, वाटलं तर तीन-चार तास आधी दोन घास. पाणी मात्र बंद करायचं नाही, थोडं थोडं आणि वारंवार पाजा, घरच्याच पाण्याची कॅन सोबत ठेवा. नव्या गावचं बोअरचं पाणी जड असतं, लगेच बदललं तर काही जनावरांचं पोट बिघडतं.

गुंगीची गोळी स्वतःच्या मनानं कधीच देऊ नका. गुंगीत जनावराचं धापा टाकणं मंदावतं आणि उन्हाळ्यात तेच घातक ठरतं. गाडी लागत असेल तर डॉक्टर उलटी थांबवायचं औषध देतात. माणसांची पॅरासिटामॉल मांजराला दिली तर मांजर दगावतं, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

दर दोन तासांनी थांबा. दार उघडायच्या आधी साखळी हातात, मगच दार. रस्त्याला हाताची पाठ लावून बघा, पाच सेकंद ठेववत नसेल तर त्यावर कुत्र्याला चालवू नका. लशी पूर्ण न झालेल्या पिल्लाला धाब्यावर जमिनीवर ठेवूच नका, पार्वो या उलट्या-जुलाबाच्या जीवघेण्या रोगाची लागण अशाच जागी होते. मांजराचं कॅरेट वाटेत उघडायचंच नाही. समृद्धीनं जात असाल तर रस्त्याच्या कडेला गाडी उभी करता येत नाही, पंपाजवळच्या जागीच थांबावं लागतं, त्यामुळं पाणी भरून घेऊनच वर चढा.

आणि बंद गाडीत पाच मिनिटंही सोडून जाऊ नका. बाहेर ३५ अंश असले तरी काचा लावलेल्या गाडीत अर्ध्या तासात पन्नाशी ओलांडते. सगळे एकदम जेवायला जाऊ नका, एकानं गाडीपाशी थांबा. ऊन लागल्याची लक्षणं अशी: न थांबणाऱ्या धापा, चिकट घट्ट लाळ, हिरड्या लालभडक किंवा जांभळ्या, झोकांड्या. तसं दिसलं तर सावलीत घ्या, पोट, काखा आणि पंजे साध्या पाण्यानं भिजवा, वारा घाला आणि तडक दवाखाना गाठा. बर्फ चोळू नका. पग आणि तसल्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हा धोका सगळ्यात जास्त, त्यांना तर मेमध्ये दिवसाउजेडी नेऊच नये.

रेल्वेनं मुंबई-पुण्याकडं जायचं असेल तर नियम कडक आहे. कुत्रं सोबत न्यायचं तर फर्स्ट क्लासचं दोन बर्थचं कूपे किंवा चार बर्थचं केबिन पूर्ण तुमच्या नावावर असायला हवं. टू टायर, थ्री टायर, स्लीपरमध्ये परवानगी नाही. नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीतून पाठवावं लागतं, त्याची नोंद पार्सल ऑफिसात होते आणि लसीकरणाचा व तंदुरुस्तीचा दाखला लागतो. खाण्या-पिण्याची जबाबदारी मालकाचीच. उन्हाळ्यात त्या पेटीतून पाठवायला माझं मन होत नाही. पाऊस पडेपर्यंत कुत्र्याला गावाकडं आजी-आजोबांपाशी ठेवा आणि जुलैत घेऊन या.

मासे, पक्षी आणि गोठा

माशांना एक दिवस आधीपासून खायला देऊ नका. पिशवीत एक हिस्सा टाकीतलंच पाणी आणि दोन हिस्से हवा. फिल्टरमधला स्पंज जुन्या पाण्यात ओलाच न्या, त्यातले जिवाणू टिकले तरच नवी टाकी लवकर स्थिरावते. नवं पाणी थोडं थोडं मिसळा, टँकरचं असो की बोअरचं. ससा उन्हाला कुत्र्याहून नाजूक, रात्रीच न्या. लव्हबर्डचा पिंजरा पातळ सुती कापडानं झाका. आपल्या रानातला पोपट पिंजऱ्यात असेल तर तो पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, त्याला न्यायचा प्रश्न नाही, वनविभागाकडं सोपवायचा. गाय-म्हैस न्यायची असेल तर कानात बारा अंकी बिल्ला आणि डॉक्टरांचा दाखला असल्याशिवाय गाडीत चढवू नका.

जे सोबत येणार नाहीत

गल्लीतलं कुत्रं, ज्याला तुम्ही रोज भाकरी टाकता, त्याला उचलून दुसऱ्या शहरात नेणं त्याच्या हिताचं नसतं. तिथली कुत्री त्याला जगू देत नाहीत. निघायच्या पंधरा दिवस आधी शेजारच्या एखाद्या घरातल्या माणसाला सोबत घेऊन भाकरी टाका, मग त्यांच्या हातून टाकू द्या. पण घरातलं, अंगाखांद्यावर वाढलेलं जनावर देवळापाशी किंवा मोंढ्यात सोडून जाऊ नका. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानं ते गुन्हा आहे, आणि त्याहून मोठं म्हणजे ते जनावर त्याच जागी बसून तुमची वाट बघत राहतं. मी असं एक कुत्रं नांदेडात महिनाभर बघितलं आहे. न्यायचं जमणारच नसेल तर ओळखीचं घर शोधा, दोन महिने आधीपासून शोधा.

नवं घर

टेम्पो रिकामा व्हायच्या आधी जनावरांची खोली लावा. मळकं अंथरूण, जुनीच वाटी, जुन्याच वेळेला जुनंच खाणं. पहिले चार दिवस आंघोळ नको, पाहुणे नकोत.

कुत्रं आठवड्यात रुळतं. साखळीनं आधी सगळं घर हुंगू द्या, मग अंगण, मग एकच ठरलेला रस्ता. गल्लीतली कुत्री अंगावर येणार, म्हणून पहिले काही दिवस पहाटे किंवा उशिरा रात्री नेऊ नका, तेव्हा गल्ली त्यांची असते. फाटकाला दोन कड्या लावा.

मांजराला वेळ लागतो. मांजरीण पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, पण ती घरं ती स्वतः निवडते. आपण नेलेल्या घरात तिला आधी एकच खोली द्या. ती पलंगाखाली दोन दिवस बसली तरी ओढून काढू नका. खायला-प्यायला लागली, अंग चाटायला लागली की दुसरी खोली उघडा. घराबाहेर किमान तीन आठवडे नाही. कुत्रं असो की मांजर, निसटलंच तर घाबरून लांब धावू नका. मांजर बहुतेक दोन-चार घरांच्या आतच दडलेलं असतं. रात्री गल्ली शांत झाल्यावर बॅटरी घेऊन जिन्याखाली, गाड्यांखाली, बांधकामाच्या विटांमागं बघा, डोळे चमकतात. तिचं अंथरूण दाराबाहेर टाकून ठेवा. नवं घर त्याच गावात असेल तर जुन्या शेजाऱ्यांना फोन करा, ती तिकडंच गेलेली असू शकते.

तीन आठवड्यांनंतर पहिल्यांदा बाहेर सोडायचं ते जेवणाच्या वेळेआधी, भुकेल्या पोटी. मागचं दार उघडं ठेवून तुम्ही उंबऱ्यावर बसा. दहा मिनिटांनी वाटी वाजवा. मनी संभाजीनगरच्या घरी पहिल्या दिवशी पायरीपर्यंतच गेली, हौदाच्या झाकणावर बसून सगळीकडं नाक फिरवलं, आणि वाटीचा आवाज ऐकून आत आली. दुसऱ्या दिवशी ती पंधरा मिनिटं बसली.